समन्स हातात पडल्याची तारीख

पैशाच्या वसुलीचे दावे चालू असताना पुकारा होतो आणि प्रतिवादीच्या जागी कोणीच उभं नसतं. एका कोर्टात हे पाहिलं आणि ते मनातून जाईना. ही माणसं जातात कुठं, म्हणून पुणे जिल्ह्यातल्या एका तालुका विधी सेवा समितीच्या टेबलाशी जाऊन बसले.

टेबलामागच्या वकील मॅडम कर्ज किती, कुणाचं, हे आधी विचारतच नाहीत. ‘हे हातात कधी पडलं?’ एवढंच विचारतात आणि ती तारीख पाकिटावर लाल पेनानं लिहितात. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवतं, पण मॅडम नव्वदचं नावही काढत नाहीत. ‘तीस दिवस, ताई. तीस.’

समोरच्या ताई ब्लाउज शिवतात. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं, हप्ते थकले. बेलिफ आला तेव्हा घाबरून त्यांनी समन्स घेतलंच नाही. त्यानं ते दाराला डकवलं. समन्स नाकारलं की दावा टळला, असं पुष्कळांना वाटतं. कोर्ट मात्र ते बजावलं गेलं असंच धरतं आणि गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होतो. सबळ कारण दाखवून तो रद्द करून घ्यायचा, तरी पुन्हा मुदत तीसच दिवसांची.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे ताईंना ठाऊक नव्हतं. ‘पोलीस येतील’ हे मात्र वसुलीचे फोन करणाऱ्यांनी ठासून सांगितलं होतं. साध्या दिवाणी दाव्याचं समन्स आलं म्हणून कुणाला अटक होत नाही. चेक न वटल्याची केस वेगळी. ती फौजदारी, तिथं तारीख चुकवली तर वॉरंट निघू शकतं.

मग मॅडमनी खातेउतारा ओळ न् ओळ वाचला. शेवटचा हप्ता कधी भरला, कर्ज लेखी कधी कबूल केलं, यावर तीन वर्षांची मुदत मोजतात. दावा मुदतीत होता. पण पावत्या असलेले दोन हप्ते जमाच धरलेले नव्हते आणि दंडव्याजाचा आकडा जुळेना. ‘घेतलेलं कर्ज नाकारायचं नाही,’ मॅडमनी बजावलं. ‘जे लागत नाही, तेवढंच नाकारायचं.’

उठता उठता ताईंनी हळूच विचारलं, ‘मशीन नेतील का? आणि हे?’ हात मंगळसूत्राकडे गेला होता. तो प्रश्न मला अजून सोडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून काढता न येणारा दागिना जप्तीतून वगळतं. मशीन या कर्जाला तारणही नव्हतं. १९०८ च्या संहितेतली ही तरतूद ताईंना कुणी सांगितलीच नव्हती, आणि त्या मात्र ही धास्ती घेऊन रोज त्याच मशीनवर बसत होत्या.

कंपनीच्या वकिलांनी लोकअदालतीचं सुचवलं होतं. तिथली घाई मला खटकते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, आणि प्रकरण एकदाचं मिटावं म्हणून माणूस न झेपणारा हप्ता कबूल करून बसतो.

‘महिन्याला किती जमेल?’ मॅडमनी विचारलं.

‘तीन हजार.’

‘लग्नसराई सरल्यावर?’

ताईंनी मनात हिशेब केला. ‘दीड.’

तडजोड झाली तर दीड हजारांवर, नाहीतर दावा लढवायचा, असं ठरवून मॅडमनी वकीलपत्र सहीसाठी पुढं केलं.