सातबाऱ्याबाहेरची माणसे

१९४८ च्या मुंबई कूळकायद्यात पुढे जी दुरुस्ती झाली तिच्या अन्वये, १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी, पिढ्यान्‌पिढ्या खंड भरून परक्याची जमीन कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली, हे कार्य निःसंशय थोर होते. परंतु तलाठ्याच्या दप्तरी ज्याची वहिवाट कूळ म्हणून सिद्ध होत होती त्यालाच त्याचा लाभ झाला, आणि त्याच शेतात सालगडी म्हणून राबणारा होता तेथेच राहिला. किंबहुना कायद्याची चाहूल लागताच कित्येक जमीनमालकांनी कुळांकडून राजीनामे लिहून घेतले आणि ती कुळे रोजंदारीवर आली. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने अतिरिक्त जमीन वाटण्याची तरतूद केली खरी, पण दावे आणि खातेफोड यांतून वाटपास उरली ती गरजेच्या मानाने अल्पच.

मग उरले गायरान. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत पडीक सरकारी जमिनीची मागणी अग्रभागी होती. मराठवाड्यात अनेक दलित कुटुंबांनी माळावरचे दगड वेचून बांध घातले, ज्वारी-तूर पिकविली. अशा घरी पुरावा विचारला, तर पत्र्याच्या पेटीतून दंडाची जुनी पावती निघते, फार तर गाव नमुना १-ई चा उतारा. ज्या कागदाने ते अतिक्रमक ठरतात, त्याच कागदावर त्यांच्या वहिवाटीची भिस्त असते. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला, तेव्हाही हेच कागद शोधावे लागले. सातबारा नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज नाही, गारपिटीची भरपाई नाही. मग मुकादमाची उचल घेऊन कोयता हाती धरणे ओघाने आलेच.

पुनर्वसनातही हाच न्याय चालतो. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने चतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबास किमान दोन हेक्टर देऊ केले. पण अक्राणी-अक्कलकुव्याच्या ज्या आदिवासींची शेती वनजमिनीवर होती, त्यांना आपण शेतकरी आहोत हेच आधी सिद्ध करावे लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी अखेर गावातील वृद्धांची जबानी आणि जागेवरच्या विहिरी, बांध, दफनभूमी यांच्या खुणा पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या. गायरानावर घाम गाळणाऱ्यालाही तीच सवलत मिळाली पाहिजे, आणि ती त्वरेने. कारण २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा रेटा वाढला आहे, आणि त्या निर्णयातील अपवादाचा आधार भूमिहीनांपैकी ज्यांच्या हाती शासनाचा पट्टा आहे त्यांनाच मागता येतो.