टीव्ही की मॉनिटर? आधी अंतर मोजा

नव्वदच्या दशकात भारतातल्या कित्येक घरांत टीव्हीला जोडायचा स्वस्त व्हिडिओगेम आला आणि त्याच्यासोबत प्लास्टिकची एक बंदूकही आली. निन्टेंडोच्या १९८४ सालच्या ‘डक हंट’मधली बदके त्या बंदुकीने टिपता येत. तोच संच आज ५५ इंची फोरके टीव्हीला जोडला, तर नेम कितीही अचूक धरला तरी बदक पडत नाही. त्या बंदुकीतून काही सुटत नसे, उलट तिच्या नळीत प्रकाश टिपणारा सेन्सर असे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुढच्याच फ्रेममध्ये बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नेमक्या त्याच वेळी सेन्सरला उजेड दिसला, तर नेम लागला असे खेळ धरून चाले. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत संकेत येताच इलेक्ट्रॉनचा झोत तो पडद्यावर रेखाटत असे, म्हणून हा हिशेब जमायचा. आजच्या सपाट टीव्हीवर तो चौकोन उमटेपर्यंत खेळाने उत्तराची वाट पाहणे सोडलेले असते. बंदूक निकामी होण्याचे हे एक मोठे कारण. चित्र सुधारले, पण ते उशिरा येऊ लागले. गेमिंगसाठी टीव्ही घ्यावा की मॉनिटर, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या उशिरात आहे आणि उरलेले अर्धे पडदा आणि डोळ्यांमधल्या अंतरात. दुकानात मात्र बोलणे होते ते इंचांचे आणि किमतीचे.

उशीर होतो कुठे? टीव्ही हे मुळात प्रेक्षकासाठी घडवलेले यंत्र आहे. केबलवरून किंवा इंटरनेटवरून येणारे चित्र दाबून लहान केलेले असते. टीव्हीतली चिप त्यातले कण पुसते, कडा धारदार करते, कमी पिक्सेलचे चित्र फोरकेपर्यंत ताणते, रंग खुलवते. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतः तयार केलेली फ्रेमही घालते. ही मधली फ्रेम बनवायची तर पुढची खरी फ्रेम हाती यायला हवी, म्हणून आधीची रोखून धरावी लागते. चिप कितीही वेगवान केली तरी ही वाट पाहणे पूर्णपणे टळत नाही. या सगळ्या संस्कारांत मिळून ५० ते १०० मिलिसेकंद, काही संचांत त्याहूनही जास्त वेळ जातो. प्रेक्षकाचे यात काहीच बिघडत नाही. आवाजही तेवढाच मागे ठेवला जातो, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळतात. प्रक्षेपणातल्या याहून कितीतरी मोठ्या उशिरामुळे शेजारच्या घरात षटकाराचा जल्लोष आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो, तरी आपण सामना शेवटपर्यंत पाहतो. खेळणाऱ्याचे तसे नाही. त्याला पडद्यावर जे दिसते त्यावर त्याचे बोट हलते, बोट हलले की पडदा बदलतो आणि त्या बदलावर पुढची हालचाल ठरते. या चक्रात शिरलेला उशीर दर फेरीला मोजावा लागतो. मॉनिटर पहिल्यापासून या चक्रासाठीच बनत आला. माऊसचा बाण हाताच्या मागे रेंगाळला, तर संगणकावर साधे पत्र टाइप करणेही नकोसे होते. म्हणूनच त्यात चित्रावर संस्कार कमी आणि घाई जास्त असते.

इथे जाहिरातीतल्या दोन आकड्यांची गल्लत सोडवायला हवी. खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ असे ठळक छापलेले असते, तो रिस्पॉन्स टाइम; म्हणजे एका पिक्सेलला एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ. तो जास्त असेल तर धावत्या वस्तूमागे शेपटासारखी सावली दिसते. इनपुट लॅग ही वेगळी गोष्ट. संकेत पडद्याच्या दारात पोहोचल्यापासून चित्र उमटेपर्यंतचा तो काळ असतो आणि खोक्यावर तो सहसा छापलेला नसतो. पिक्सेल चपळ असूनही पडदा सुस्त असू शकतो. तिसरा आकडा रिफ्रेश रेटचा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १२० हर्ट्झवर ८.३ आणि २४० हर्ट्झवर ४.२. फ्रेम वरून खाली रेखाटली जात असल्यामुळे कोणताही संस्कार न करता ६० हर्ट्झचा पडदा मध्यभागी सुमारे ८ मिलिसेकंद मागे असतोच. शिवाय आजचे पडदे एक फ्रेम दुसरी येईपर्यंत तशीच धरून ठेवतात आणि डोळा मात्र वस्तूमागे सरकत राहतो. सेकंदाला ९६० पिक्सेल धावणारी वस्तू ६० हर्ट्झवर सुमारे १६ पिक्सेल पुसट होते, १२० हर्ट्झवर ८. टीव्हीच्या जाहिरातींत ‘मोशन’ शब्दाला जोडून येणारे २४० किंवा त्याहून मोठे आकडे बहुतेकदा पॅनेलचा खरा वेग सांगत नाहीत, म्हणून ‘पॅनेल किती हर्ट्झचे’ हे स्पष्ट विचारावे.

यावर एक रास्त वाटणारा आक्षेप आहे. डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, मग ३०-४० मिलिसेकंदांचे एवढे कौतुक कशाला? पहिले उत्तर साधे आहे. माणसाचा वेळ दोन्ही खेळाडूंना लागतोच, यंत्राचा वेळ त्यावर चढतो. नेमबाजीच्या खेळात दोघे एकाच क्षणी एकमेकांसमोर आले, तर ज्याचा पडदा मागे आहे त्याच्या वाट्याला पूर्ण तूट येते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. खेळणे म्हणजे केवळ एकदा दचकून बटण दाबणे नव्हे. निशाणावर बाण नेताना हात सतत दुरुस्त्या करत असतो आणि प्रत्येक दुरुस्तीला ताजे चित्र लागते. स्कॉट मॅकेन्झी आणि कॉलिन वेअर यांनी १९९३ मध्ये माऊसने लक्ष्य गाठण्याचा प्रयोग केला. उशीर सुमारे ८ मिलिसेकंदांवरून २२५ वर नेला, तेव्हा लक्ष्य गाठायला लागणारा वेळ ६४ टक्क्यांनी आणि चुकांचे प्रमाण २१४ टक्क्यांनी वाढले. हात मंदावलाच, पण त्याहून जास्त तो चुकू लागला. अर्थात खेळाखेळांत फरक आहे. सेकंदाला ३० फ्रेम दाखवणाऱ्या कथाप्रधान कन्सोल गेममध्ये बटणापासून चित्रापर्यंत मुळातच १०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ जाणे नवलाचे नाही. तिथे दहाएक मिलिसेकंदांची भर कळणारही नाही, ८० ची मात्र नक्की जाणवेल.

दुसरा आक्षेप याहून भक्कम आहे. आजच्या टीव्हीत गेम मोड असतो, तो लावला की संस्कार बंद होतात आणि चांगल्या संचात उशीर १०-१५ मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याखाली येतो. २०१७ च्या एचडीएमआय २.१ या मानकाने गेम मोड आपोआप लागण्याची आणि खेळाच्या फ्रेमच्या तालावर पडद्याचा रिफ्रेश रेट बदलण्याची सोय आणली. त्यामुळे अर्ध्यावर फाटल्यासारखे दिसणारे चित्रही टळते. हे सगळे खरे आहे आणि त्यामुळे ‘टीव्ही म्हणजे लॅग’ हे जुने समीकरण मोडले, हेही मान्य करायला हवे. पण यातला ‘चांगल्या संचात’ हा भाग महाग पडतो. फोरके चित्र १० बिट रंगांत १२० हर्ट्झने पाठवायचे तर सेकंदाला जवळपास ३० अब्ज बिट वाहून न्यावे लागतात. एचडीएमआय २.० ची कमाल क्षमता १८ अब्ज, २.१ ची ४८ अब्ज. स्वस्त टीव्हीचे पॅनेल बहुधा ६० हर्ट्झचेच असते आणि महाग टीव्हीतही पूर्ण क्षमतेची पोर्ट कधी कधी एक-दोनच असतात. मॉनिटरच्या बाजारात मात्र १४४ हर्ट्झ आता सामान्य झाले आहे. शिवाय टीव्हीच्या किमतीत त्या चित्र सजवणाऱ्या चिपचे पैसे धरलेले असतात आणि खेळायला बसताना पहिले काम असते तिचे बरेचसे कसब बंद करण्याचे.

आता उरलेले अर्धे उत्तर, म्हणजे अंतर. मोठा पडदा म्हणजे खेळात अधिक बुडून जाणे, असे सर्रास मानले जाते. डोळा मात्र इंच मोजत नाही, कोन मोजतो. ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो आणि अडीच मीटरवरच्या सोफ्यावरून तो दृष्टीचा २७ अंशांचा पट्टा व्यापतो. २७ इंची मॉनिटर जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद, पण टेबलाशी ६० सेंटिमीटरवर बसले की तो ५३ अंश व्यापतो. सोफ्यावरून तेवढाच व्याप हवा असेल, तर टीव्ही सुमारे ११२ इंचांचा लागेल. बारकाव्यांचेही तेच. सर्वसाधारण निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो. अडीच मीटरवर हा तपशील ०.७ मिलिमीटरच्या आसपास येतो. ५५ इंची फुल एचडी टीव्हीचा पिक्सेलच ०.६३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तेवढ्या लांबून त्याच टीव्हीची फोरके आवृत्ती जवळपास वाया जाते. उलट तोच फोरके टीव्ही मॉनिटर म्हणून टेबलावर ठेवला, तर त्याचा ०.३२ मिलिमीटरचा पिक्सेल साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरच्या ०.२८ मिलिमीटरहून मोठा ठरतो, आणि कोपऱ्यातला नकाशा पाहायला मान वळवावी लागते. नेमबाजीच्या स्पर्धांत २४-२५ इंचांचे पडदे रूढ आहेत, कारण सगळा पडदा एका नजरेत मावणे तिथे जास्त मोलाचे असते.

चित्राच्या दर्जात मात्र टीव्हीचे पारडे बहुधा जड असते. मॉनिटरमध्ये रूढ असलेल्या आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १ इतकाच असतो, त्यामुळे अंधाऱ्या गुहा करड्या दिसतात. ‘डिस्प्ले एचडीआर ४००’ हे बिरूद मिरवणाऱ्या मॉनिटरला पडद्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करण्याची सक्ती नाही आणि त्याविना एचडीआर, म्हणजे अतिउजळ आणि अतिगडद भाग एकाच चित्रात दाखवण्याची क्षमता, नावापुरतीच उरते. त्याच पैशांत चांगला टीव्ही अधिक खोल काळा आणि अधिक तेजस्वी पांढरा देतो. ओएलईडी टीव्हीत तर प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो आणि छटाही अत्यंत वेगाने बदलतो. २०२२ पासून ४२ इंची ओएलईडी टीव्ही आणि ओएलईडी मॉनिटर दोन्ही मिळू लागले, त्यामुळे वरच्या किमतीत सीमारेषा पुसट झाली आहे. तिथेही धोका आहे तो संगणकाच्या न हलणाऱ्या पट्ट्यांचा, कारण महिनोन्‌महिने एकाच जागी राहिलेल्या चिन्हाचा डाग पॅनेलवर कायमचा उमटू शकतो.

तेव्हा खरेदीचा क्रम उलटा लावावा. आधी बसायची जागा ठरवा, मग खेळ, मग पडदा. कन्सोल, हातात कंट्रोलर, सोफा आणि सोबत खेळणारी भावंडे असतील, तर गेम मोड असलेला टीव्ही हेच शहाणपण, आणि कन्सोल १२० हर्ट्झ देत असेल तर टीव्हीचे पॅनेल आणि पोर्टही तेवढे पेलणारे हवे. माऊस, कीबोर्ड, टेबल आणि ऑनलाइन प्रतिस्पर्धी असतील, तर टीव्हीच्या निम्म्या आकाराचा मॉनिटर जास्त देईल, शिवाय अभ्यासाला आणि कामालाही उपयोगी पडेल. बहुतेक मराठी घरांत हॉलमधल्या टीव्हीवर संध्याकाळी मालिकांचा हक्क असतो, हीही मॉनिटरच्या बाजूची भक्कम बाब. घरात चांगला टीव्ही आधीच असेल, तर काहीही विकत घेण्यापूर्वी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावून पाहावा. तेवढ्याने भागले, तर पैसे वाचले. नाही भागले, तर अडचण उशिराची आहे की अंतराची, हे कळलेले असेल आणि दुकानात नेमके काय मागायचे तेही.