टीव्हीला लावलेली डिस्क आणि तिचं कुलूप

आजचा सगळा वेळ एकाच प्रश्नाला द्यायचा आहे, कारण तो एका घरातून आलेला नाही. तीन-चार घरांतून, वेगवेगळ्या शब्दांत, पण तोच प्रश्न आला. जुना फ्लॅट टीव्ही बंद पडला. त्याच्या मागे यूएसबीला एक हार्ड डिस्क लावलेली होती आणि तिच्यात काही वर्षांची रेकॉर्डिंग्ज होती. एका ताईंकडे तर मुलीच्या शाळेतल्या दिवाळीची, स्थानिक बातम्यांत दाखवलेली दीड मिनिटाची बातमी त्यात होती. नवा टीव्ही आणला, डिस्क जोडली, आणि पडद्यावर आलं : ही डिस्क वापरायची असेल तर फॉरमॅट करा. होय की नाही?

आधी उत्तर सांगतो, कारण कुणाच्या तरी हातात आत्ता रिमोट असेल. ‘नाही’ दाबा. ‘होय’ दाबलंत तर डिस्क पुसली जाईल. लॅपटॉपला लावलीत तर विंडोजही बहुधा हेच विचारेल, कारण टीव्ही ज्या पद्धतीने डिस्क आखतो ती विंडोजला वाचता येत नाही. तिथेही ‘नाही’च. डिस्क काढून, वर नाव लिहून, कपाटात ठेवा.

पण दुसरी गोष्टही आत्ताच सांगायला हवी. डिस्क सुखरूप असली तरी नवा टीव्ही ती रेकॉर्डिंग्ज दाखवणार नाही. त्याच कंपनीचा, अगदी त्याच मॉडेलचा दुसरा टीव्ही आणलात तरी नाही. असं का, ते समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात रेकॉर्डिंग म्हणजे अजून व्हिडिओ कॅसेट आहे. लग्नाची कॅसेट शेजाऱ्यांच्या व्हीसीआरमध्ये घातली तरी चालायची, मामाकडे नेली तरी चालायची. डिजिटल टीव्हीत काय होतं बघा. ब्रिटनमध्ये अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०१२ साली पूर्ण बंद झालं. आता छतावरच्या एरियलमधून जे येतं ते चित्र नसतंच, ती आकड्यांची एक धार असते. कार्यक्रम आधीच दाबून, लहान करून, त्या धारेत घातलेला असतो. टीव्हीतला ट्यूनर एका धारेतून आपल्याला हवी ती वाहिनी वेगळी काढतो, आणि पुढे दुसरी चिप त्याचं चित्र बनवते. रेकॉर्ड करताना टीव्ही चित्र पुन्हा टिपत नाही. ती आकड्यांची धार जशी आली तशी डिस्कवर उतरवतो. म्हणून रेकॉर्डिंग मूळ प्रक्षेपणाइतकंच स्वच्छ दिसतं. कॅसेटसारखी मुंग्यांची रांग नाही, रंग फिके पडणं नाही.

जागा किती लागते याचा हिशोबही यातूनच निघतो. सेकंदाला १ मेगाबिट धार असेल तर तासाला साधारण ०.४५ जीबी भरते. साध्या वाहिनीची धार २-३ मेगाबिट धरली तर तासाला जीबीभर, आणि एचडीची ५-६ धरली तर अडीच-तीन जीबी. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर एचडीचे दीडशे तास सहज मावतात. घरच्या वापराला याहून मोठी डिस्क घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आता कुलपाची गोष्ट. फ्रीव्ह्यूवर आकाशातून येणारं चित्र उघडं असतं, त्याला कुलूप नसतं. एरियल आणि ट्यूनर असेल त्याला ते दिसतं. कुलूप लावतो तो आपल्या घरातला टीव्ही. धार डिस्कवर उतरवायच्या आधी टीव्ही ती एका गुप्त किल्लीने गोंधळून टाकतो आणि ती किल्ली त्या एका टीव्हीच्या मुख्य बोर्डावर असते. बाहेर कुठे तिची प्रत नाही. कार्यक्रमांच्या नकला सर्रास फिरू नयेत अशी निर्माते आणि वाहिन्यांची मागणी असते, आणि २०१० साली ऑफकॉमने बीबीसीला एचडी वाहिन्यांसाठी तशी बंधनं घालणारी व्यवस्था वापरायला परवानगीही दिली. टीव्ही बनवणाऱ्यांनी सोपा मार्ग धरला : एचडी असो वा साधी वाहिनी, बहुतेक टीव्ही सगळंच कुलपात ठेवतात.

म्हणून टीव्ही गेला की किल्ली गेली. दुरुस्तीवाल्याने मुख्य बोर्ड बदललं तरी गेली, टीव्ही तोच दिसत असला तरी. आजी-आजोबांना दाखवायला डिस्क बॅगेत घालून पुण्याला नेलीत तर तिथल्या टीव्हीवर काहीच उघडणार नाही. आणि जुन्या टीव्हीत चित्र बाहेर द्यायची सोयही सहसा नसते. एचडीएमआयची भोकं दिसतात ती चित्र आत घेण्यासाठी असतात.

त्या ताईंना मी हेच सांगितलं : टीव्ही दुरुस्तीला द्यायचा असेल तर आधी विचारा, बिघाड कशात आहे. पॉवर सप्लायचा भाग किंवा पडद्यामागचे दिवे गेले असतील तर मुख्य बोर्डाला हात न लावता टीव्ही पुन्हा चालू होऊ शकतो, आणि मग डिस्कही उघडेल. तसं झालं तर त्याच दिवशी, खोलीत अंधार करून, फोन स्टँडवर ठेवून पडद्याचं चित्रण करून घ्या. दिसायला फार सुंदर होणार नाही, पण मुलगी दिसेल, तिचा आवाज ऐकू येईल. मुख्य बोर्डच गेलं असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालून ती बातमी परत मिळणार नाही.

मग टीव्हीतलं रेकॉर्डिंग निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. आज रात्रीची मॅच उद्या बघायची, मालिकेचा भाग शनिवारी बघायचा, यासाठी ते उत्तम आहे. महिन्याचा खर्च नाही, आणखी एक डबा नाही. फक्त ते फ्रीजसारखं समजा, चार दिवस ठेवायचं आणि संपवायचं.

लावताना मात्र काही गोष्टी पाहाव्या लागतात. सगळ्यात आधी तुमच्या टीव्हीत ही सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. मागे यूएसबीचं भोक आहे म्हणजे रेकॉर्डिंग होतं असं नाही. अनेक टीव्हींत ते फक्त फोटो आणि गाणी वाजवायला असतं. दोन-तीन भोकं असतील तर ज्याच्याजवळ ‘एचडीडी’ लिहिलेलं असतं तिथेच डिस्क लावायची, कारण डिस्क फिरवायला लागणारी वीज तिथे मिळते. साधा पेन ड्राइव्ह टाळा. तासन्‌तास सलग लिहिणं त्याला झेपत नाही, रेकॉर्डिंग अडखळतं. आणि पहिल्यांदा लावताना टीव्ही डिस्क पुसणारच आहे, त्यामुळे घरातले फोटो असलेली डिस्क चुकूनही लावू नका.

आपल्या घरांमधली एक सवय इथे आड येते. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायचं. वीज वाचते हे खरं, पण टायमर लावलेला असेल तर टीव्ही स्टँडबायवर, लाल दिवा चालू, असाच राहायला हवा. भिंतीवरून बंद केलेला टीव्ही साडेसहाला उठून बातम्या रेकॉर्ड करणार नाही. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः बाबांना.

बहुतेक टीव्हींत रेकॉर्डिंगसाठी एकच ट्यूनर असतो. एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना एरियलवरची दुसरी बघता येत नाही. इंटरनेटवरचं अ‍ॅप बघता येईल की नाही हे त्या त्या मॉडेलवर आहे. आणि मॅच लांबली की पुढचा कार्यक्रम मागे सरकतो, म्हणून आधी पाच मिनिटं आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा. वाहिन्या पुन्हा ट्यून केल्यात तर जुने टायमर तपासा, पुष्कळदा ते उडालेले असतात.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एखादी गोष्ट कायमची ठेवायची असेल तर? मुलाची क्रिकेट टीम, आपल्या मंडळाचा गणपती, भारतीय दुकानावरची बातमी, असं काही टीव्हीवर येणार असल्याचं आधी कळलं, तर टीव्हीवर अवलंबून राहू नका. पुन्हा बघण्याच्या सोयीवरही नाही. आयप्लेयरवर बहुतेक कार्यक्रम महिनोन्‌महिने राहतात, पण बातमीपत्रं साधारण एका दिवसात निघून जातात. नेमकी आपली माणसं असतात ती त्याच बातमीपत्रात.

मार्ग सोपा आहे. चित्र आकाशातून उघडं येतं हे आपण पाहिलं, तेव्हा कुलूप न लावणारा ट्यूनर वापरायचा. कॉम्प्युटरला लावायचा यूएसबी टीव्ही ट्यूनर मिळतो. राउटरला जोडायचा नेटवर्क ट्यूनरही मिळतो, तो घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना दिसतो. आणि घरात रास्पबेरी पायवर खेळणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्याच्यासाठी २०१८ पासून टीव्ही हॅट नावाचा छोटा बोर्ड आहे. काहीही घ्या, एक गोष्ट खोक्यावर नक्की वाचा : डीव्हीबी-टी२. नुसतं डीव्हीबी-टी असेल तर फ्रीव्ह्यूच्या एचडी वाहिन्या दिसणार नाहीत. एरियलची वायर टीव्ही आणि ट्यूनर दोघांना हवी, त्यासाठी स्प्लिटर लावा. सिग्नल मुळात अशक्त असेल तर वाटल्यावर आणखी अशक्त होतो, तेवढं लक्षात ठेवा.

यातून जी फाइल मिळते तिच्या नावाच्या शेवटी टीएस असतं. व्हीएलसीमध्ये ती सरळ चालते. मूळ फाइल तशीच दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि आजीच्या फोनवर दाखवायला तिच्यातला हवा तेवढा तुकडा कापून एमपी४ बनवा.

प्रादेशिक बातम्या असतील तर आदल्या दिवशी त्याच वेळेचं बातमीपत्र रेकॉर्ड करून बघा. दोन विभागांच्या सीमेवर राहणाऱ्यांना दोन्हीकडचे सिग्नल मिळतात आणि टीव्ही कधी भलताच विभाग पहिल्या क्रमांकावर बसवतो. आपला विभाग मग ८०० च्या पुढच्या क्रमांकांत सापडतो. आणि चित्रीकरणाला आलेल्या मंडळींना तिथेच विचारून ठेवा, आम्हाला एक प्रत मिळेल का. विचारायला काहीच लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात. इथल्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्याच्या ७०व्या कलमानुसार घरगुती वापरासाठी, सोयीच्या वेळी बघता यावं म्हणून प्रक्षेपण रेकॉर्ड करायला परवानगी आहे. यूट्यूबवर चढवायला किंवा मंडळाच्या हॉलमध्ये लावायला नाही. आणि टीव्ही लायसन्स थेट बघण्यासाठी लागतं तसंच थेट प्रक्षेपण रेकॉर्ड करण्यासाठीही लागतं. ‘आम्ही नंतर बघतो’ म्हटल्याने सुटका होत नाही.

शेवटचा प्रश्न हमखास येतोच : मराठी मालिका अशा रेकॉर्ड होतील का? त्या तुमच्याकडे अ‍ॅपवरून किंवा वेगळ्या बॉक्समधून येत असतील तर नाही. टीव्हीला फक्त स्वतःच्या ट्यूनरमधून आलेलं उतरवता येतं. एचडीएमआयच्या वायरीतून किंवा इंटरनेटवरून आलेलं त्या ट्यूनरमधून जातच नाही. फ्रीलीसारख्या नव्या सेवेत इंटरनेटवरून येणाऱ्या इंग्रजी वाहिन्यांचंही तेच. मालिकेसाठी त्या त्या अ‍ॅपमध्ये जुने भाग किती दिवस राहतात तेच बघावं लागेल.

तुमच्या टीव्हीचं मॉडेल लिहून पाठवलंत तर त्याचं मॅन्युअल बघून पुढच्या भागात सांगू. नमस्कार.