दिवे किती, उजेड कसा?

२०१५ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसविण्यात आले, तेव्हा 'राणीच्या हारा'ची सोनेरी झाक गेली म्हणून मोठी ओरड झाली. पुढे पिवळसर दिवे पुन्हा लावावे लागले. ती ओरड रास्तच होती. पण तो हार दिसतो मलबार टेकडीवरून! रात्रपाळी सुटल्यावर फुटपाथने घरी निघालेल्या माणसाच्या दृष्टीने उजेडाचा गुण कसा जोखावा, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

उजेड मोजण्याचे माप लक्स. जागेवर किती प्रकाश पडला, ते यंत्र सांगते. परंतु डोळ्याला दिसतो तो पडलेला नव्हे, परतलेला प्रकाश. तितकेच लक्स डांबरावर पडले तर रस्ता काळाच राहतो, चुन्याच्या भिंतीवर पडले तर गल्ली उजळते. शिवाय सरासरी मोठी फसवी. मजुरीच्या सरासऱ्यांशी भांडण्यात आमची हयात गेली, म्हणून हे आम्हांला लवकर उमगते. खांबाखाली लख्ख आणि दोन खांबांच्या मध्ये काळोख, तरी सरासरी उत्तमच भरते! म्हणून जाणकार सर्वांत अंधाऱ्या जागेचे सरासरीशी प्रमाण पाहतात.

रंगाचेही तसेच. रंग यथार्थ दिसण्याच्या शंभराच्या मापात सोडियमचा दिवा जेमतेम पंचविशीच्या आसपास. लाल कोणते नि तपकिरी कोणते, कळेना. मग पांढराच बरा? तसेही नाही. पाच-सहा हजार केल्व्हिनचा निळसर प्रकाश डोळ्यात अधिक विखुरतो, वयस्कांचे डोळे दिपतात. चकाकी आणि झोपमोड या दोन्ही कारणांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ साली ३००० केल्व्हिन वा त्याखालचे दिवे सुचविले.

आम्ही मात्र सर्वांत वरची कसोटी मानतो ती समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्याची. तो चार मीटरांवरून ओळखू यावा, असे प्रकाशतज्ज्ञ मानतात. तेवढ्यात बाजूला होण्यास सवड मिळते. त्यासाठी उजेड तोंडावर आडवा पडला पाहिजे. जमिनीवर ठेवलेले यंत्र हे सांगत नाही. ते दीड मीटर उंचीवर उभे धरावे लागते.

नगरपालिकेने तपासणीला अभियंत्याबरोबर साठीचा एखादा पहारेकरी आणि उशिरा परतणारी एखादी परिचारिका न्यावी. दर पन्नास पावलांवर त्यांना विचारावे : चेहरा दिसतो का? येथे एकट्याने घटकाभर थांबाल का? आणि उत्तरे लक्सच्या आकड्यांशेजारीच लिहून घ्यावीत.