पाणी नेमकं कुठं मुरतंय?

पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीत गुंठा-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर बांधलेल्या दुमजली घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. खाली हौद, गच्चीवर काळी टाकी आणि दोघांच्या मधे एक मोटार. अशा घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. रात्री टाकी काठोकाठ भरली, सकाळी पाहावं तर पाणी उतरलेलं, आणि नळ तर एकही गळत नाही. काही दिवसांनी हॉलच्या स्कर्टिंगवर पांढरी भुकटी दिसते, रंगाचे पोपडे सुटतात. ‘लोणा लागलाय’, घरातलं वडीलधारं माणूस निदान करतं. प्लंबर येतो, ओल बघतो, टाइलवर हातोडीच्या दांड्यानं ठोकतो आणि म्हणतो, “दादा, फोडावंच लागेल.”

कुठं फोडायचं? जिथं ओल दिसते तिथं. बहुतेकदा चूक होते ती इथंच.

तळमजल्याच्या फरशीखाली काय असतं ते आधी पाहू. सगळ्यात खाली भरावाचा मुरूम, त्यावर दगडांचं सोलिंग, त्यावर तीन-चार इंचांचा पीसीसी, मग सिमेंट-वाळूचा थर आणि वर टाइल. पाइप मुरमात तरी पुरलेला असतो किंवा टाइलखालच्या थरात दडवलेला. भोकातून निघालेलं पाणी सरळ वर येत नाही. त्याला सोलिंगच्या दगडांमधल्या फटी सोप्या पडतात. त्यातून वाट काढत ते उताराकडे जातं आणि प्लिंथ बीमपाशी अडतं. तिथून पुढचा प्रवास भिंतीतून वर. विटा आणि गिलाव्यातल्या सूक्ष्म छिद्रांमधून पाणी केशाकर्षणानं चढतं; छिद्र जितकं बारीक तितकी चढण जास्त. एक शतांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सिद्धांतानुसार सुमारे दीड मीटर चढू शकतं. प्रत्यक्षात वाटेत बाष्पीभवन होत असल्यामुळे ते कमरेच्या आसपास थांबतं, आणि जिथं वाळतं तिथं सोबत आणलेले क्षार टाकून देतं. तोच लोणा. म्हणजे भोक स्वयंपाकघरात आणि लोणा देवघराच्या भिंतीला, असं सहज होतं.

जुन्या घरांत ही भानगड नव्हती. मोरी मागच्या दारी, नळ उघड्यावर, पाइप भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेला. दिसायला ओबडधोबड, पण गळालं की दिसायचं. पाइप डोळ्यांआड करायची हौस आपण फ्लॅटकडून शिकलो आणि ती स्वतंत्र घरांतही नेली. एक नळ दिसू नये म्हणून सगळी नळव्यवस्था गाडून टाकायची, हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

एवढ्याशा भोकातून पाणी जाऊन जाऊन जाणार किती, असं वाटत असेल तर हिशेब करू. टाकीतली पाण्याची पातळी पाइपपासून 6 मीटर उंच धरली, तर भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला जवळपास 11 मीटर येतो. 1 मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे जाड सुईनं पाडल्यासारख्या भोकातून तासाला सुमारे 18 लिटर आणि दिवसाला 440 लिटर पाणी निघून जातं. शहरी पाणीपुरवठ्याचा आराखडा करताना माणशी रोज 135 लिटर धरतात. म्हणजे त्या भोकाच्या रूपानं घरात तीन माणसं जास्तीची राहतात. भोक 2 मिलिमीटरचं झालं की क्षेत्रफळ चौपट, गळतीही चौपट. तेव्हा हजार लिटरची टाकी दिवसभरसुद्धा पुरत नाही.

आता एक गंमत. ज्या घरात हे चाललंय, त्या घरातला कर्ता माणूस बऱ्याचदा भोसरी एमआयडीसीत किंवा चाकणला कामाला असतो. तिथं गळती शोधणं हे रोजचं, रुळलेलं काम आहे. इंजिनचा ब्लॉक असो, रेडिएटर असो की इंधनाची टाकी, पुढच्या स्टेशनला जाण्याआधी त्याची लीक टेस्ट होते. सगळी तोंडं बंद करायची, आत ठरावीक दाबाची हवा भरायची, पुरवठा तोडायचा आणि काही सेकंद गेज बघायचं. दाब ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पडला की पार्ट बाजूला. ब्लॉकमध्ये भोक कुठं आहे ते नंतर बघतात. गळतोय की नाही आणि किती गळतोय, हे आधी. वॉशिंगमधून गरम आलेला ब्लॉक लगेच टेस्टला लावला तर आतली हवा तापून दाब वाढतो आणि खरी गळती झाकली जाते, हेही तिथल्या ऑपरेटरला ठाऊक असतं. तोच माणूस घरी आल्यावर मात्र पहिल्याच दिवशी ब्रेकर चालू करू देतो.

घरात हीच रीत लावायला खर्च जवळजवळ नाही. गच्चीवर टाकीतून निघणाऱ्या लाइन बहुधा वेगवेगळ्या असतात: किचनची एक, बाथरूमची एक, फ्लशची एक, आणि प्रत्येकीला आपला व्हॉल्व्ह. रात्री मोटार बंद, टाकीत येणारं पाणी बंद, घरातले सगळे नळ बंद. टाकीत काठी उभी धरून पातळीची खूण करायची. पहिल्या रात्री सगळे व्हॉल्व्ह उघडे, पुढच्या रात्री फक्त एकच. हजार लिटरच्या गोल टाकीचा व्यास साधारण 1.1 मीटर असतो, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की साडेनऊ लिटर गेले. आपल्या 1 मिलिमीटरच्या भोकानं आठ तासांत ही पातळी अर्धा फूट उतरते. डोळ्यांना दिसायला पुरेसं आहे. त्याआधी फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्ध्या तासानं भांड्यात डोकवायचं. रंग उतरला असेल तर चोर तिथंच आहे आणि फरशी निर्दोष. सगळे व्हॉल्व्ह उघडे असतानाही टाकी उतरत नसेल आणि ओल तरीही वाढत असेल, तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर किंवा न्हाणी ट्रॅपच्या जोडावर. ती गळती दाबाची नसते, आंघोळीच्या वेळेची असते.

ओलीचं पाणी कुणाचं, हेही ओळखता येतं. फिल्टरवाले खिशात ठेवतात तो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर इथं थोडा उपयोगी पडतो. धरणाचं पाणी तुलनेनं मऊ असतं, आपल्या बेसॉल्टमधल्या बोअरचं जड. खड्ड्यात साचलेल्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याच्या जवळ आला तर गळती आपल्या लाइनची असण्याची शक्यता वाढते. उलट आकडा जास्त आला म्हणून लाइन निर्दोष ठरत नाही, कारण मुरमातून येताना पाणी वाटेतले क्षार उचलतं.

लाइन कोणती हे कळल्यावर जागा शोधायची. त्यासाठी सगळ्यात जुनं साधन कान. दाबाखालचं पाणी भोकातून सुटताना खळबळ होते, पाइपची भिंत थरथरते, आणि ती थरथर पाइपमधून दूर जाते. अनुभवी प्लंबर लांब पान्याचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवतो आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावतो. आवाज कानाच्या पडद्याला वळसा घालून हाडातून आत जातो. मग तो एका नळावरून दुसऱ्या नळावर जातो, आवाज कुठं वाढतो ते पाहत. याला शांतता लागते. मोशीत ती रात्री दोननंतर मिळते. नाशिक हायवेवरून चाकणकडे जाणारे ट्रेलर तेव्हाही थांबत नाहीत, पण निदान शेजाऱ्यांच्या मोटारी बंद असतात. ग्राउंड माइक नावाचं यंत्र हेच करतं, फक्त फरशीवरून आणि नको त्या पट्टीचे आवाज गाळून.

इथं पाइप कशाचा आहे याला फार महत्त्व आहे. लोखंडी जीआय पाइपमधून गळतीचा आवाज स्पष्ट आणि लांबवर जातो. प्लास्टिकचा पाइप मऊ. तो वरच्या पट्टीचा आवाज गिळून टाकतो आणि उरते ती खालच्या पट्टीची घरघर. आवाजाचा वेगही बदलतो. पाण्यानं भरलेल्या लोखंडी पाइपमध्ये तो सेकंदाला साधारण 1,300 मीटर असतो, प्लास्टिकमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पाणीपुरवठा खात्यांकडे असणारं कोरिलेटर यंत्र या वेगावरच चालतं. लाइनच्या दोन टोकांना दोन सेन्सर लावायचे आणि गळतीचा आवाज एकाकडे दुसऱ्यापेक्षा किती आधी पोचला ते मोजायचं. समजा लाइन 12 मीटरची आहे आणि फरक एका सेकंदाच्या हजारातल्या चार भागांचा. पाइप लोखंडी असेल तर भोक जवळच्या टोकापासून 3.4 मीटरवर; वेग 450 मीटर धरला, म्हणजे पाइप प्लास्टिकचा मानला, तर 5.1 मीटरवर. पाइप कशाचा हे चुकीचं सांगितलं की यंत्र तितक्याच आत्मविश्वासानं चुकीच्या खोलीत बोट दाखवतं.

थर्मल कॅमेऱ्याचं सध्या फार कौतुक आहे. तो काँक्रीटच्या आरपार पाहत नाही. फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. सोलर किंवा गीझरची गरम लाइन गळत असेल तर त्याच्या पडद्यावर उबदार डाग ठळक उमटतो आणि काम झटकन होतं. थंड पाण्याच्या गळतीत मात्र ओल्या जागेचा बाष्पीभवनानं आलेला गारवा तेवढा पकडायचा असतो. आणि चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल असेल तर ती समोर उभ्या माणसाच्याच अंगची उष्णता परावर्तित करून दाखवते. गार पाण्यासाठी याहून खात्रीचा उपाय म्हणजे वायू. लाइन रिकामी करून तिच्यात 5 टक्के हायड्रोजन आणि 95 टक्के नायट्रोजनचं मिश्रण भरतात. एवढ्या पातळ प्रमाणात हायड्रोजन पेट घेत नाही. सगळ्यात लहान आणि हलका रेणू म्हणून तो टाइलच्या सांध्यांतून वर येतो आणि संवेदक त्याला हुंगतो. चाकणच्या कारखान्यांना हीलियमची टेस्ट माहीत आहे. हे तिचंच स्वस्त भावंड.

पाण्याची नासाडी आणि भिंतीची दुर्दशा एवढ्यावर हे संपत नाही; गोष्ट तब्येतीवरही येते. पिंपरी-चिंचवडमध्ये 25 नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. पवनेचं पाणी रावेतला उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होतं. आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीवरच्या निघोजे बंधाऱ्यातून चिखलीच्या केंद्रात येतं. केंद्रातून ते शुद्ध होऊन निघतं यात शंका नाही. प्रश्न शेवटच्या वीस-पंचवीस फुटांचा, म्हणजे रस्त्यावरच्या लाइनपासून आपल्या हौदापर्यंतच्या पाइपचा. पाणी गेलं की ही लाइन रिकामी होते आणि दाब उरत नाही. त्यात कुणी नियम मोडून लाइनलाच मोटार लावली, तर पाइपात चक्क ओढ तयार होते. मग भोक उलटं काम करू लागतं: बाहेरचं पाणी आत. त्या भोकाशेजारून ड्रेनेजची लाइन गेली असेल तर काय आत येतं, ते सांगायला नको. माझ्या मते फरशीखालच्या सगळ्या गळत्यांमध्ये हीच सर्वांत आधी शोधायला हवी, आणि नेमकी हीच कुणी शोधत नाही, कारण ती टाकी रिकामी करत नाही.

पाइप मुळात का गळतात? जीआय पाइपला जस्ताचं कवच असतं, पण जोडासाठी आटे पाडले की तिथलं जस्त निघून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. सीपीव्हीसी गंजत नाही; तो तापला की लांब होतो. सोलरच्या पाण्यानं तापमान 40 अंशांनी वाढलं तर 10 मीटर पाइप सुमारे अडीच सेंटिमीटर लांबतो. सिमेंटमध्ये घट्ट आवळलेल्या पाइपला ही वाढ करायला जागा नसते, आणि रोजचा ताण जोडावर येतो. शिवाय भराव. मुरूम पाणी मारून, थरांवर थर धुमस करून बसवला नाही तर तो पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत खचतो. पाइप अधांतरी राहतो. इंद्रायणीकाठच्या काळ्या मातीत उलटाच प्रकार: ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तिथं गळती एका कोपऱ्यातली माती फुगवते आणि फरशीच उचलते. बाथरूम चकचकीत करायला ओतलेलं ॲसिड टाइलच्या सांध्यांतून खाली जाऊन सिमेंट आणि लोखंड दोन्ही खातं, तेही वेगळंच.

दुरुस्तीत दोन रस्ते. भोक एकच असेल आणि पाइप बाकी सुदृढ असेल, तर तेवढीच टाइल उचलून, तुकडा कापून, दोन कपलरनी नवा जोडायचा. सीपीव्हीसीचा जोड कोरडा लागतो. वरून थेंब झिरपत असेल तर सोल्युशन धरत नाही, आणि धरल्यावरही त्याला वेळ दिल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. पण लाइन वीस वर्षांची जीआय असेल तर एक भोक बुजवून उपयोग नसतो, पुढचं रांगेत उभं असतं. अशा वेळी जुनी लाइन जमिनीतच मारून टाकायची आणि नवी भिंतीवरून फिरवायची. अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउनमध्ये 1947 नंतर हजारो घरं काँक्रीटच्या स्लॅबवर उभी राहिली, घर गरम ठेवणारे पाइप त्या स्लॅबमध्येच ओतून. ते पुढं गळू लागले तेव्हा अनेकांनी स्लॅब फोडण्याच्या भानगडीत न पडता ते बंद केले आणि भिंतीलगत नवी व्यवस्था बसवली. आपल्याकडे ‘उघडा पाइप वाईट दिसतो’ म्हणून हा सल्ला घरमालकाला रुचत नाही. भिंतीच्या रंगाची पट्टी वर चढवली की दिसत नाही, एवढंच त्यावर म्हणता येईल.

नवी लाइन झाकण्याआधी टेस्टिंग पंपानं पाण्याचाच दाब द्यायचा, हवेचा नाही. दाबलेली हवा प्लास्टिकचा पाइप फोडून तुकडे उडवू शकते. रात्रभर काटा हलला नाही तर टाइल बसवायला हरकत नाही. रंगाची मात्र घाई करू नये. गळती थांबली तरी फरशीखालचा मुरूम आणि भिंत वाळायला काही महिने लागतात, आणि तोवर लोणा येतच राहतो; त्यावरून प्लंबरशी भांडण होतं ते विनाकारण. भुकटी कोरड्या ब्रशनं झाडून काढायची. ओल्या फडक्यानं पुसली तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात, आणि त्यावर लगेच प्लास्टिक पेंट मारला तर पुढच्या उन्हाळ्यात तोही पोपड्यांसकट खाली येतो.