नादाची मर्यादा

भाद्रपद जवळ आला की पेणच्या मूर्तिशाळांतून गजानन गावोगावी प्रस्थान ठेवतात. दसऱ्याच्या सुमारास रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. उत्सव म्हटला की मंडपात ध्वनिवर्धक आलाच. त्या यंत्राचे सामर्थ्य कोठे संपते, हे भाविकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

ध्वनिवर्धक, म्हणजे आपला नित्याचा ॲम्प्लिफायर, मायक्रोफोनकडून आलेल्या क्षीण विद्युत्लहरीला बळ देऊन ती कर्ण्याकडे धाडतो. त्याच्या अंतर्गत वीजपुरवठ्याचा दाब ठरलेला असतो; लहरीची उंची त्यापलीकडे जाऊ शकत नाही. बटण आणखी फिरविले तर लहरींचे माथे छाटले जातात. मग आवाज फारसा वाढत नाही, शब्द मात्र फाटतो आणि कर्ण्यातील नाजूक गुंडाळी जळण्याचाही संभव असतो. पाणिनीय शिक्षेने क्षीण कंठ हा पाठकाचा दोष मानला, तसाच अस्पष्ट उच्चार आणि कावळ्यासारखा स्वर हाही दोषच मानला. यंत्रालाही हाच न्याय लागू आहे.

१०० वॅटचे यंत्र बदलून २०० वॅटचे आणले, तर नाद केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो जेमतेम जाणवतो. दुप्पट मोठा भासावा, तर सुमारे दसपट शक्ती लागते. कर्णे जोडतानाही विवेक हवा. ८ ओहमचे दोन कर्णे समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. रोध घटला की यंत्रावर प्रवाहाचा भार वाढतो आणि ऐन आरतीच्या वेळी ते तापून बंद पडते. म्हणून यंत्रावर लिहिलेल्या ओहमच्या खाली जाऊ नये. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की नाद सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तेव्हा एकच कर्णा किंचाळविण्यापेक्षा लहान कर्णे श्रोत्यांजवळ ठेवावेत, हे श्रेयस्कर.

यंत्राच्या मर्यादेप्रमाणेच समाजाचीही मर्यादा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही सीमा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक वर्ज्य आहे. शासनाने जाहीर केलेल्या मोजक्या उत्सवदिनी तेवढी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. मंडपाशेजारच्या घरात कोणी रुग्ण असेल, कोणी तान्हे बाळ निजले असेल. त्यांची निद्रा न मोडता शेवटच्या रांगेतील वृद्धेला अभंगाचा प्रत्येक शब्द ऐकू जावा, यातच नामसंकीर्तनाची शोभा आहे. गणराय सर्वांना हा विवेक देवो!