लोकधून आर्मेनियाची, पियानो जॅझचा : तिग्रान हमासियन यांची संगीतवाट

दुदुक हे जर्दाळूच्या लाकडापासून घडवलेले आर्मेनियाचे सुषिर वाद्य सहसा दोघे मिळून वाजवतात. एक वादक धून वाजवतो; दुसरा गालांत हवा साठवून, श्वास खंडित न होऊ देता एकच स्वर धरून राहतो. या अखंड स्वराला तेथे ‘दाम’ म्हणतात. सनईला ‘सूर’ धरणारा साथीदार ज्यांच्या परिचयाचा आहे, त्या भारतीय श्रोत्यांना ही रचना परकी वाटणार नाही. पियानोवादक तिग्रान हमासियन यांच्या अनेक रचनांमध्ये डाव्या हाताने धरलेला खर्ज आणि त्यावर वळणे घेत जाणारी धून ऐकू येते, तिचे मूळ याच परंपरेत आहे.

हमासियन यांचा जन्म १७ जुलै १९८७ रोजी ग्युम्री येथे झाला. तेव्हा हे शहर सोव्हिएत संघात होते व त्याचे नाव लेनिनाकान होते. ते दीड वर्षांचेही नसताना, ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात शहराचा मोठा भाग कोसळला. त्या आपत्तीत सुमारे २५ हजार लोक मृत्युमुखी पडले. घरात वडिलांमुळे रॉक, तर काकांमुळे जॅझ कानावर पडत होते. मुलाने तिसऱ्या वर्षीच पियानोवर धुनी शोधण्यास प्रारंभ केला. पुढे कुटुंब राजधानी येरेव्हान येथे आणि नंतर अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले. २००६ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, त्यांनी थेलोनियस मंक आंतरराष्ट्रीय जॅझ पियानो स्पर्धा जिंकली. एवढ्या यशानंतर अमेरिकी जॅझच्या मुख्य प्रवाहात स्थिरावणे सोपे होते. त्यांनी मात्र आपल्या मायभूमीच्या लोकगीतांकडे वळण्याचा मार्ग धरला.

या लोकगीतांचा इतिहास वेदनादायक आहे. कोमितास या धर्मगुरू-संगीतज्ञाने गावोगाव फिरून शेतकऱ्यांची हजारो गीते टिपून घेतली. २४ एप्रिल १९१५ रोजी ऑटोमन सत्तेने कॉन्स्टँटिनोपलमधील आर्मेनियन विचारवंतांना अटक केली, त्यांत कोमितासही होते. त्यांचा जीव वाचला, पण मन सावरले नाही. अखेरची वर्षे पॅरिसच्या मनोरुग्णालयात काढून १९३५ मध्ये ते निवर्तले. ज्या गावांत ही गीते गायली जात होती, त्यांतील अनेक गावे वंशसंहारात उजाड झाली. गाणारा समाजच नाहीसा झाल्यावर कागदावर उरलेल्या गीताचे काय करायचे, हा प्रश्न आर्मेनियन संगीतकारांपुढे तेव्हापासून आहे. ते काचेच्या पेटीत जपायचे की पुन्हा वापरात आणायचे?

हमासियन यांनी दुसरा पर्याय निवडला. लोकधुनेवर जॅझच्या स्वरसंगतींचा मुलामा देण्याची सोपी पद्धत त्यांनी टाळली, हे विशेष. मूळ धुनेची चाल, तिच्या थांबण्याच्या जागा आणि सुरावटींचे हेलकावे यांनाच ते आधार मानतात व त्यांतून तत्क्षण विस्तार करतात. एखादी चीज घेऊन रागविस्तार करणाऱ्या गायकाशी त्यांची तुलना करण्याचा मोह होतो. मात्र ती तुलना फार ताणता येत नाही, कारण मेशुगा या स्वीडिश मेटल वाद्यवृंदाच्या लयीचा प्रभावही त्यांच्या वादनात तितकाच ठळक आहे.

ही लय समजून घेण्यासारखी आहे. समजा, ढोलकीवादक चार मात्रांचा साधा ठेका धरून आहे. पियानो त्याच वेळी पाच-पाच, सात-सात स्वरांचे गट वाजवतो. दोघांचे ठोके एकमेकांपासून निसटत जातात आणि ठरावीक अंतराने पुन्हा एकाच बिंदूवर येतात. समेची वाट पाहण्याची सवय असलेल्या श्रोत्याला त्यातील ताण आपोआप जाणवतो. नवख्या श्रोत्याला मात्र ठेका चुकला असाच भास होऊ शकतो.

२०१५ मधील त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवल्या की या कलावंताचा आवाका ध्यानात येतो. ‘मॉकरूट’ कर्कश व वेगवान आहे, आणि काही ठिकाणी वाद्यांच्या गदारोळात धून हरवते हेही खरे. तीत ‘कार्स’ या नावाच्या दोन रचना आहेत. दुसरीच्या शीर्षकात ‘शतकांच्या जखमा’ या अर्थाचे शब्द जोडलेले आहेत. कार्स हे ग्युम्रीजवळचे शहर आज तुर्कस्तानात असून दोन देशांमधील सीमा १९९३ पासून बंद आहे. त्याच वर्षीची, वंशसंहाराच्या शताब्दीच्या निमित्ताने केलेली ‘लुइस इ लुसो’ याच्या अगदी उलट आहे. येरेव्हानच्या राज्य कक्ष गायकवृंदासह केलेल्या या ध्वनिमुद्रिकेत पाचव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतची धर्मगीते आहेत. आर्मेनियन धर्मसंगीत मुळात एकसुरी, म्हणजे एकाच सुरावटीत गायले जाणारे. येथे गायकवृंद ते अनेक स्तरांवर गातो आणि पियानो त्यांच्या मधल्या शांततेत बोलतो.

आर्मेनियन समाजाशी भारताचे नाते जुने आहे. कोलकात्यातील आर्मेनियन चर्च १७२४ चे आहे, तर आर्मेनियन भाषेतील जगातले पहिले नियतकालिक, ‘अझदरार’, १७९४ मध्ये मद्रास येथे छापले गेले. मातृभूमीपासून दूर राहून भाषा टिकवण्याचा हा समाज जुना सराव करीत आला आहे.

२०२२ मध्ये हमासियन यांनी ‘स्टँडआर्ट’मध्ये अमेरिकी जॅझमधील परिचित गीतांची नवी मांडणी केली. मात्र २०२४ मध्ये ते पुन्हा घराकडे वळले. ‘द बर्ड ऑफ अ थाउजंड व्हॉइसेस’ ही दीर्घ ध्वनिमुद्रिका ‘हझारान ब्लबुल’ या आर्मेनियन लोककथेवर आधारित आहे. सुकून गेलेल्या बागेला पुन्हा फुलवणारा, हजार स्वरांनी गाणारा पक्षी शोधण्यासाठी राजपुत्र त्या कथेत दूरदेशी निघतो.